काळ्या कोटाने काढलेले उट्टे

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे आणि मी डूख धरतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे कोट दिसायला सभ्य होता पण आतून भलताच निघाला, असे नंतर कोणी म्हणायला नको. माझ्या अस्तराच्या आत सगळे जपून ठेवलेले आहे. कोणी मला खिळ्याला लटकवले, कोणी तेलकट मान माझ्या कॉलरला घासली, कोणत्या लाँड्रीवाल्याने मधे फडके न घालता गरम इस्त्री फिरवून माझ्या कोपराला कायमची चमक आणली, यातले मी काहीही विसरलेलो नाही. त्या लाँड्रीवाल्याच्या अंगठ्यात मी जाता जाता एक टाचणी घुसवली. तो ओरडला तेव्हा मला फार बरे वाटले.

मी रोज घालायचा कोट नव्हे. समुद्रावर हिंडायला निघणाऱ्या मोठ्या बोटी असतात ना, ज्यांना लोक क्रूझ म्हणतात, त्यांच्यावर काही संध्याकाळी नटूनथटून जेवायला जावे लागते. पुरुषांनी काळा कोट, पांढरा शर्ट आणि गळ्यात बो घालायचा. कोट नसेल तर जेवणघराच्या दारावरचा माणूस गोड हसून परत पाठवतो. तिथे कोणाचा मुलाहिजा नसतो. अशा संध्याकाळींसाठी माझा जन्म झाला.

माझे मालक बंदरावरच्या एका कचेरीत तिकिटे देत असत. जन्मभर खिडकीच्या आत बसून त्यांनी दुसऱ्यांना बोटीवर चढवले. निवृत्त झाल्यावर ते मालकीणबाईंना म्हणाले, "आता आपण चढायचं." बोटीच्या माहितीत संध्याकाळच्या कोटाचा नियम वाचून दोघे शिंप्याकडे आले. त्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. गळ्यात टेप, कानावर खडू आणि तोंडात कायम दोन टाचण्या, त्यामुळे ते बोलत ते अर्धेच कळे.

"बोटीवर जेवण कितीही घ्या म्हणे," मास्तर माप घेता घेता म्हणाले.

"कितीही," मालक हरखून म्हणाले.

"मग आत कापड जादा ठेवतो. माणूस वाढतो, कोट वाढत नाही."

आणि त्यांनी माझ्या पाठीच्या आणि कुशीच्या शिवणीत चांगले दोन-दोन बोटे कापड दाबून ठेवले. बाहेरून ते दिसत नसे. पण मला ते सारखे जाणवे. घरात धान्य भरलेले असले की माणूस जसा निवांत असतो, तसा मी निवांत होतो.

मालकीणबाईंनी त्यात स्वतःची एक भर घातली. "यांच्या कोटाला आतून माझ्या चष्म्यापुरता एक खिसा करा."

"पुरुषाच्या कोटात बाईंचा खिसा?" मास्तरांच्या तोंडातल्या टाचण्या पडायच्या राहिल्या.

"मग काय, चष्मा डोक्यात खोवून जेवायला बसू? माझ्या नटायच्या कपड्यांना कुठे खिसे असतात?"

असा माझ्या डाव्या बाजूला, मालकांच्या छातीशी, एक लांबट खिसा झाला. त्यात बाईंचा चष्मा राहायचा. मेनूचे कार्ड समोर आले की त्या नवऱ्याकडे न बघताच हात पुढे करत, मालक चष्मा काढून देत आणि वाचून झाले की परत ठेवून घेत. एकमेकांशी भांडण चालू असले तरी हे व्हायचेच. एकदा मिठाच्या डबीवरून दोघांनी पूर्ण जेवणभर अबोला धरला होता, पण चष्मा बिनबोभाट गेला आणि आला.

ते माझे सुखाचे दिवस होते. आम्ही बऱ्याच सफरी केल्या. बो बांधायला मालक मुद्दाम शिकले नाहीत. बाई समोर उभ्या राहून बांधत आणि दर वेळी म्हणत, "हनुवटी वर. अहो, अजून वर. बोकडासारखं बघू नका." कमरेला गडद लाल रेशमी पट्टा असे. जेवणानंतर डेकवर वारा सुटला की मालक मला उतरवून बाईंच्या खांद्यावर घालत. माझ्या बाह्या त्यांच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत आणि मालक हसत सुटत. दारावरचा माणूस आम्हाला ओळखू लागला, कॅप्टन लांबून हात करू लागला.

बाकीच्या पुरुषांचे कोट मी तिथेच पाहिले आणि माझी मान ताठ झाली. पांढरा कोट फार मिरवतो, पण सूप येईपर्यंतच. मखमलीचा कोट घालणाऱ्याला दुसऱ्या पदार्थालाच घाम फुटतो. मागे आकडा असलेला तयार बो म्हणजे तर शुद्ध लबाडी. एकाचा तो आकडा निसटला आणि बो थेट पुडिंगमध्ये पडला. आम्ही सगळे काळे कोट तेव्हा खुर्च्यांच्या पाठींवर गुपचूप थरथरलो.

मग एका हिवाळ्यात मालक आजारी पडले आणि गेले. मला एका पिशवीत घालून कपाटात टांगण्यात आले. कपाटात कसर लागली आणि माझ्या बाहीच्या टोकाला तिने दोन भोके पाडली. पण बाई अधूनमधून कपाट उघडत, पिशवीची चेन थोडी खाली करत आणि चष्म्याच्या खिशात नुसता हात घालून उभ्या राहत. मी कोट आहे, मला रडता येत नाही. आले असते तर त्यांचा हात भिजला असता.

आता माझ्या शत्रूकडे येतो. ते म्हणजे आमचे चिरंजीव, मालकांचे एकुलते एक पुत्ररत्न. एका मोठ्या कंपनीत मोठ्या खुर्चीच्या शेजारच्या खुर्चीवर ते बसत आणि त्या मोठ्या खुर्चीतले साहेब सपत्नीक क्रूझला निघाले आहेत असे कळताच चिरंजीवांनीही त्याच बोटीची तिकिटे काढली. त्यात त्यांना समजले की आईने याच बोटीवर इतक्या सफरी केल्यामुळे ती बरोबर असेल तर बोटीवर विशेष मान मिळतो, चांगली केबिन मिळते, कॅप्टनच्या टेबलाचे आमंत्रणही येते. झाले. लगेच घरी आले. "आई, चल आमच्याबरोबर. बाबांच्या आठवणीसाठी." बाईंचे डोळे भरून आले. मी पिशवीच्या आत दातओठ खात होतो, पण ऐकणार कोण?

त्याच दिवशी चिरंजीव सोफ्यावर पसरून सूनबाईंना फोनमधले वाचून दाखवत होते. क्रूझवर संध्याकाळी पुरुषांनी काय घालावे, असा काहीतरी लेख होता.

"'वडिलांचा जुना कोट असेल तर तो टाकू नका. अंगाबरोबर घट्ट करून घ्या, चारचौघांत उठून दिसाल.' बघ! बाबांचा आहेच की."

"आईंना विचारलंत का?" सूनबाई म्हणाल्या.

"त्यात विचारायचं काय?"

मला बाजारातल्या एका फिटिंगच्या दुकानात नेले. मास्तर केव्हाच गावाला निघून गेले होते. चिरंजीव आरशासमोर पोट आत ओढून उभे राहिले आणि म्हणाले, "पाठीत एकदम टाइट कर. आतलं जादा कापड कापून टाक, ते फुगतंय. आणि हा आतला खिसा शिवून टाक, काय ध्यान दिसतंय."

"साहेब, कापड ठेवतो ना दुमडून. उद्या सैल करायचं म्हटलं तर?" दुकानदार म्हणाला.

"मी जिमला जातो."

मित्रांनो, कात्री माझ्या पाठीत शिरली. मास्तरांनी माझ्या पोटात दाबून ठेवलेले ते सगळे कापड लांब काळ्या पट्ट्या होऊन जमिनीवर पडले आणि झाडूने कचऱ्याच्या टोपलीत गेले. मग चष्म्याच्या खिशाच्या तोंडावर मशीन फिरले. त्या क्षणी मी शपथ घेतली. या माणसाला मी चारचौघांतच गाठणार होतो. त्याला चारचौघांत उठून दिसायचे होते ना, तशी सोय मी करणार होतो.

बोटीवरच्या पहिल्या नटायच्या संध्याकाळी बाई तयार होऊन चिरंजीवांच्या केबिनमध्ये आल्या. सवयीने त्यांनी चष्मा काढला, माझी कड बाजूला केली आणि खिशात सरकवायला गेल्या. चष्म्याची काडी शिवणीवर आपटली.

"ते बंद केलंय आई. फुगायचं."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांची बोटे त्या शिवणीवरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि मी मात्र डोळ्यांत तेल घालून संधी शोधू लागलो.

त्या संध्याकाळी चिरंजीवांनी साहेबांना आग्रहाने आपल्या टेबलावर बसवले होते. बाईंनी चष्मा हातात आणला होता. मेनू वाचून झाल्यावर त्यांनी तो टेबलावर ठेवला, वेटरने त्यावर पावाची टोपली ठेवली आणि गोड पदार्थाच्या वेळी चष्मा कुठे दिसेना. मग काय, साहेबांच्या बायकोने टेबलाखाली वाकून पाहिले, खुद्द साहेबांनी रुमाल झटकला, शेजारचे टेबलही शोधू लागले. चष्मा सापडल्यावर सगळे हसले आणि बाईही हसल्या. चिरंजीव मात्र कानापर्यंत लाल झाले. मी त्यांच्या पाठीला चिकटलेलो असल्याने मला त्यांचा घाम कळत होता. खिसा शिवला कोणी आणि घाम फुटतोय कशाचा, असे मला त्यांना हलवून विचारावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आईला सांगितले, "आई, आता त्या नटायच्या जेवणाला तू नको येऊस. तू केबिनमध्येच जेव. तिथे कंटाळशील."

बाई खिडकीतून पाण्याकडे बघत होत्या. "मला कधी कंटाळा आला नाही रे तिथे," त्या म्हणाल्या. पण चिरंजीव तोवर बाहेर पडले होते.

आणि मग आमंत्रण आले. शेवटच्या नटायच्या संध्याकाळी कॅप्टनच्या टेबलावर मालकीणबाई आणि त्यांचे तीन पाहुणे. निरोप घेऊन आलेला माणूस चिरंजीवांना गाठून सांगून गेला. चिरंजीवांनी बोटांवर हिशेब केला: आपण, आपली बायको, साहेब, साहेबांची बायको. चारही खुर्च्या भरल्या. मग त्यांनी कॅप्टनच्या माणसाला सांगितले, "आईला बरं नाहीये. ती येऊ शकणार नाही. पण आम्ही चौघं नक्की येतो." सूनबाई काहीतरी बोलायला गेल्या, तर चिरंजीवांनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केले. बाईंना त्यांनी यातले अवाक्षरही सांगितले नाही.

मला आता घाई नव्हती, कारण चिरंजीव माझे काम स्वतःच करत होते. सकाळी अंड्यांचे ढीग, दुपारी तीन-तीन केक, संध्याकाळी लोण्यात परतलेले मासे. जिम वरच्या मजल्यावर होती आणि जेवण खालच्या. ते कायम खालीच असत. खाई त्याला खवखवे, पण यांना खवखवतही नव्हते.

ती शेवटची संध्याकाळ आली. चिरंजीवांनी मला अंगात घातले तेव्हा माझे बटण काजापर्यंत पोचायला तयार नव्हते. त्यांनी श्वास कोंडला आणि ओढून लावले. जेवणघराच्या दारासमोर रांग होती, वरती झुंबरे लखलखत होती, साहेब आणि त्यांच्या बाईसाहेब पुढे उभे होते. बाईसाहेबांच्या हातातला पंखा खाली पडला. तो उचलायला चिरंजीव लगबगीने पुढे झाले आणि वाकले.

लोक म्हणतात, शिवण फाटली. फाटली नाही मित्रांनो, मी सोडली. कॉलरच्या खालपासून कमरेपर्यंत, एका दमात. आवाज असा झाला की तिकडे वाजणारा पियानो थांबला. चिरंजीवांचा पांढरा शर्ट मागून सगळ्या रांगेला दिसला, आणि घामाने तो आतल्या बनियनला चिकटलेला होता तेही दिसले. कोणीतरी खिदळले. साहेबांनी खोकल्याचे निमित्त करून तोंडावर हात धरला.

दारावरचा माणूस गोड हसला. "साहेब, कोटाशिवाय आत सोडता येणार नाही."

"अहो, हा कोटच आहे!"

"होता," दारावरचा माणूस म्हणाला.

बोटीवर भाड्याने मिळणारे कोट त्या संध्याकाळी सगळे गेलेले होते. चिरंजीव सूनबाईंना म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, साहेबांना बसवा, मी आलोच आईकडून टाके घालून." आणि पाठ भिंतीला घासत घासत ते बाईंच्या केबिनकडे पळाले.

बाई टेबलाशी बसल्या होत्या. समोर झाकण घातलेला एक वाडगा होता.

"आई, पटकन टाके घाल. कसेही घाल."

बाईंनी मला हातात घेतले. चष्मा लावला, सुईदोऱ्याची पिशवी काढली आणि अस्तर उलटून पाहिले. "इथं धरायला कापडच नाही. मास्तरांनी ठेवलेलं कुठं गेलं?"

"कापलं. लवकर कर ना! कॅप्टन थांबलेत."

"कॅप्टन? हं." त्यांनी आपल्या बॅगेतून मालकांचा तो गडद लाल रेशमी पट्टा काढला. तो त्या आठवण म्हणून बरोबर घेऊन आल्या होत्या. त्याची पट्टी त्यांनी माझ्या पाठीच्या फटीमागे आतून धरली आणि भराभर टाके घातले. मग कात्रीच्या टोकाने माझ्या चष्म्याच्या खिशाची शिवण उसवली. मला मोकळा श्वास आला.

मित्रांनो, खरे सांगतो, त्या क्षणी मी बाईंवरही चिडलो होतो. वाटले, एवढे सगळे करून या बाई पुन्हा मला याच्याच पाठीवर चढवणार.

टाके झाले. चिरंजीवांनी आरशाकडे तोंड करून सवयीने दोन्ही हात मागे केले, आई कोट चढवेल म्हणून. हात तसेच राहिले. बाईंनी मला उचलले आणि आपलेच हात माझ्या बाह्यांत घातले. बाह्या वरती दोनदा दुमडल्या. चष्मा खिशात ठेवला.

"आई? हे काय?"

"हे सूप मघाशी कॅप्टननी पाठवलं," बाई वाडग्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "आणणारा म्हणाला, तुम्हाला बरं नाही म्हणून तुम्ही आमंत्रणाला येत नाही, त्याचं कॅप्टनना फार वाईट वाटलं. मला तर काही होत नाहीये. आमंत्रण कसलं तेही त्याच्याकडूनच कळलं."

"आई, लोक हसतील. पाठीत लाल पट्टी दिसतीये."

"हसू दे. तुझे बाबाही हसायचे मला या कोटात बघून."

"पण मग मी काय घालू?"

"तू केबिनमध्येच जेव. तिथे कंटाळशील." दारात थांबून त्या वळल्या. "सूप गार झालं असेल, गरम करून मागव." शेवटी आईच ती. मी असतो तर झाकणसुद्धा बरोबर घेऊन गेलो असतो.

दारावरच्या माणसाने आम्हाला पाहिले, माझ्या कॉलरकडे पाहिले आणि बाजूला झाला. "तुमच्या साहेबांचा कोट," तो हळूच म्हणाला. "या बाई, या." कॅप्टन उठून उभे राहिले. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत साहेब आरामात बसले होते. कॅप्टन त्यांना नम्रपणे म्हणाले, "माफ करा, ही यांची जागा," आणि साहेबांना उठून चिरंजीवांच्या रिकाम्या खुर्चीत जावे लागले. बाईंसाठी खुर्ची ओढली ती सूनबाईंनी.

"तुम्हाला बरं नाही असा निरोप होता," कॅप्टन म्हणाले.

"मी ठणठणीत आहे. मुलाला बरं नाहीये," बाई म्हणाल्या. सूनबाईंनी रुमालात तोंड लपवले. मेनूचे कार्ड आले. बाईंनी न बघता हात खिशात घातला, चष्मा काढला, सगळे सावकाश वाचले आणि जे सगळ्यांत भारी दिसत होते ते मागवले. मग मिठाच्या डबीवरच्या त्या भांडणाची गोष्ट त्यांनी सांगितली आणि कॅप्टन डोळे पुसेपर्यंत हसले.

दुसऱ्या दिवशी बोट बंदराला लागताना मी बाईंच्या खांद्यावर होतो. डेकवर साहेब चिरंजीवांना म्हणाले, "काल तुमच्या आईंबरोबर फार मजा आली. तुम्ही नव्हतात हे लक्षातही आलं नाही." हे वाक्य मी अस्तरात जपून ठेवले आहे. पावसाळी दिवशी कपाटात कोंदट वाटले की काढतो आणि चघळतो.

आता मी बाईंच्या मापाचा झालो आहे. त्यांनी स्वतः बसून मला लहान केले, पण एक दोराही कापला नाही, सगळे कापड आत दुमडून ठेवले. परवा चिरंजीव घरी आले होते. पुढच्या सफरीला साहेब पुन्हा निघालेत, कोट हवा होता. बाई म्हणाल्या, "घालून बघ की." त्यांनी हात घातला तो कोपराशीच अडकला. मी अडकवला. ते जरा जोर करणार इतक्यात बाई म्हणाल्या, "राहू दे बाळा. फाटेल." त्यांनी हात बाहेर काढला तो फार जपून काढला.

तर मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या कोटांना नीट टांगा, मधे फडके घालून इस्त्री करा, कसर लागू देऊ नका. शिवणीत थोडे कापड राहू द्या, आपल्यासाठी नाही तर आपल्यामागून घालणाऱ्यासाठी. आणि स्वतः उठून दिसावे म्हणून दुसऱ्याच्या चष्म्यापुरती जागा शिवून टाकू नका. टाकलीतच, तर चारचौघांत वाकताना जपून वाका.